तालमीतली बैठक, मावशींची चेन आणि हक्क म्हणजे नेमकं काय

गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीतल्या एका मावशींची चेन गेली. पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर फिरायला निघालत्या, गल्लीच्या तोंडाला जिथला दिवा कधीपासनं बंद आहे तिथंच मागनं मोटरसायकल आली, मागं बसलेल्यानं गळ्यात हात घातला, मावशी पडल्या, कोपर फुटलं आणि ते दोघं गेले सुद्धा. दीड तोळ्याची चेन. त्याआधीच्या पंधरा दिवसांत गल्लीतल्या दोन गाड्याही गेल्या होत्या, त्यामुळं रविवारी रात्री तालमीत बैठक लागली आणि यावेळी बायकांनाही बोलवलं होतं. मी एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग आणि फायलींचं काम करते, बारा वर्षं झाली, कसबा बावड्याच्या न्याय संकुलात माझी रोजची चक्कर असते, म्हणून मलाही बोलवलं की बाई तू सांग काय करायचं.

बैठकीत काय झालं असेल तुम्हाला अंदाज असेलच. आबा म्हणाले, "दोन रट्टे घाला, सगळं ओकतंय बघा, आमच्या वेळंला असंच होतं." पोरांचं म्हणणं फोटो व्हायरल करा आणि घावला की धिंड काढा. एक जण म्हणाला नदीकडंला पालं ठोकून राहिलेत त्यांना आधी उठवा. कुणी म्हणालं तडीपार करा, कुणी म्हणालं वर्गणी काढून कॅमेरे बसवू. आणि एक वहिनी उठून म्हणाल्या, "हे हक्कवाले सगळे चोराच्याच बाजूनं बोलत्यात. मावशीला काय हक्क न्हाईत व्हय?"

हा प्रश्न मला लागला, कारण तो बरोबर आहे. मावशींना हक्क आहेत, आणि त्या बैठकीत दीड तास बोलणं झालं तरी ते हक्क काय आहेत हे कुणी विचारलंच नाही. म्हणून हे सगळं लिहून काढतेय. आधी मावशींचंच सांगते.

मावशी त्याच सकाळी मुलाला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या होत्या. तिथं सांगितलं, अर्ज लिहून द्या, साहेब आले की बघू. मुलानं चार ओळी लिहून दिल्या, "अज्ञात इसमांनी चेन ओढून नेली", आणि दोघं घरी आले. घरच्यांना वाटलं तक्रार झाली. नाही झाली. अर्ज वेगळा आणि एफआयआर वेगळा. अर्ज म्हणजे तुम्ही दिलेला कागद, तो फायलीत पडून राहू शकतो. एफआयआर म्हणजे गुन्हा नोंदवला गेला, त्याला नंबर पडला, तपास अधिकारी ठरला, आणि पुढं कोर्ट त्याला विचारू शकतं की बाबा याचं काय केलंस. त्या नंबरापासनंच सगळं सुरू होतं, त्याआधी काहीच नाही.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा. १ जुलै २०२४ पासनं नवे कायदे आले, आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात थोडी भर पडली. ज्या गुन्ह्याला तीन वर्षं किंवा जास्त पण सातपेक्षा कमी शिक्षा आहे तिथं डीवायएसपींची, म्हणजे पोलीस उपअधीक्षकांची, परवानगी घेऊन चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. पण परवानगी घेऊन बरं का, "साहेब आले की बघू" याला प्राथमिक चौकशी म्हणत नाहीत.

आता इथं एक बारीक गोष्ट आहे आणि ती गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत पाहिजे असं मला मनापासनं वाटतं. नव्या न्याय संहितेत हिसकावून नेणं हा स्वतंत्र गुन्हा केलाय, कलम ३०४, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण हिसकावताना इजा केली असेल तर ती जबरी चोरी होऊ शकते, कलम ३०९, शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त. मावशींचं कोपर फुटलं होतं, मानेवर लाल वळ होता, आणि अर्जात त्याचा एक शब्द नाही! चेन गेल्याच्या दुःखात आपण चेनचंच लिहितो. सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाऊन मेडिकल करून घ्यायचं सुद्धा राहून गेलं, घरच्या घरी हळद दाबली. तर तक्रार देताना काय घेतलं याच्याइतकंच आपल्याला काय लागलं हे सांगायचं, लिहिलेलं वाचून घ्यायचं आणि मगच सही करायची. एफआयआरची प्रत तिथल्या तिथं फुकट मिळते, तो फिर्यादीचा हक्क आहे. आणि गुजरीतल्या सराफाची पावती शोधून ठेवायची, कारण उद्या चेन सापडलीच तर ती मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या ताब्यात असते आणि ती तुमचीच आहे हे दाखवायला कागद लागतो.

ठाण्यात घेतच नसतील तर? तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवायची, पोचपावती जपायची, तरी काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो. कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, हद्दीचं कारण चालत नाही, ते ठाणं झिरो नंबरनं नोंदवून पुढं पाठवतं. ऑनलाइनही माहिती देता येते, फक्त तीन दिवसांच्या आत जाऊन सही करायची. गाडी चोरी आणि मोबाईल चोरीत अजून एक बघायचं, चोरीला गेलेली वस्तू "गहाळ" म्हणून लिहून घेतली की गुन्हाच राहत नाही. आमच्या गल्लीतल्या दोन गाड्यांपैकी एका गाडीच्या बाबतीत हेच झालं होतं, आणि मालकानं वाचलंच नव्हतं.

आता फोटोचं. हे माझ्या घरातलं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

चेन गेली त्या सकाळी कोपऱ्यावरच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात पाच चाळीसला एक पोरगं काळ्या हुडीत, काळ्या गाडीवर जाताना दिसलं. कुणीतरी स्क्रीनशॉट काढला, त्यावर लाल गोल केला, आणि ग्रुपवर टाकला, "हाच तो. दिसला तर सोडू नका." तो माझा भाचा. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रात्रपाळी करतो आणि रोज त्याच वेळेला त्याच रस्त्यानं घरी येतो. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. अकरा वाजता पापाची तिकटीजवळ दोघा-तिघांनी त्याला अडवलं, गाडीची चावी काढून घेतली, एकानं कॉलर धरली. नशीब तिथल्या एका दुकानदारानं मधे पडून पोलिसांना ११२ ला फोन लावला. खिशात कंपनीचं कार्ड होतं, गेटवरनं बाहेर पडल्याची वेळ त्यावर होती, पण ते बघणार कोण, त्याला ठाण्यात नेलं आणि बाकड्यावर बसवलं ते रात्री आठपर्यंत. अटक नाही, नोटीस नाही, कुठं नोंद नाही. नुसतं बसवलेलं. माझ्या बहिणीनं त्या दिवशी डबा घेऊन तीन चकरा मारल्या.

आठ वाजता सोडलं. मी जाऊन एवढंच विचारलं होतं, "साहेब, अटक केलीय का? केली असेल तर कारण लेखी द्या, आम्ही वकील बोलवतो. नसेल केली तर त्याला जाऊ दे." आवाज चढवला नाही, भांडले नाही. हे विचारायला मला बारा वर्षांची नोकरी उपयोगी पडली, माझ्या बहिणीला हे वाक्य माहीत नव्हतं, आणि बहुतेक घरांत कुणालाच माहीत नसतं, हेच मला खुपतं.

कायद्यात "बसवून ठेवणं" असला प्रकारच नाही. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी आदेशानं बोलवतात, आणि बायका, पंधरा वर्षांखालची मुलं, साठीच्या वरचे लोक यांना ठाण्यात बोलवता येत नाही, त्यांच्या घरी येऊन विचारावं लागतं. संशय आहे आणि गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतच शिक्षा आहे तर सरळ अटक करायची गरज नसते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस देऊन हजर राहायला सांगता येतं, आणि तो येत असेल तर अटक का पाहिजे याची कारणं लिहून ठेवावी लागतात. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं अर्णेश कुमार प्रकरणात हे बजावलंय. आणि अटक केलीच तर कारण त्याला समजेल अशा भाषेत लेखी, घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटू देणं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं. हे २४ तासांचं संविधानाच्या कलम २२ मधे आहे, कुठल्या परिपत्रकात नाही. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करत नाहीत, अगदी अपवादात्मक वेळ आली तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.

मी हे बैठकीत सांगितलं तर एक पोरगा म्हणाला, "ताई, तुमचा भाचा निर्दोष होता हो, पण खरा चोर असता तर?" बरं, खरा चोर असता असं धरू. तरी तो फोटो फिरवणं म्हणजे त्याला सोडवायला मदत केल्यासारखं आहे. कसं ते बघा. अनोळखी चोराच्या केसमधे ओळख परेड घेतात. तुरुंगात तहसीलदारांसारखा अधिकारी आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सहा-सात माणसांत उभं करतो आणि फिर्यादीला सांगतो ओळखा. त्या परेडला किंमत कधी? फिर्यादीनं आरोपीचं तोंड घटनेनंतर मधल्या काळात कुठं बघितलेलं नसेल तर. म्हणून तर पोलीस आरोपीला नेताना तोंडावर काळं कापड घालतात, ते त्याची लाज राखायला नसतं, केस राखायला असतं. आणि इथं मावशींच्या मोबाईलवर लाल गोल केलेला फोटो चाळीस वेळा आलाय. बचावाचा वकील कोर्टात पहिला प्रश्न हाच विचारतो, "ओळख परेडच्या आधी तुम्ही यांचा फोटो पाहिला होता का?" मावशी खरं सांगणार, हो. झालं, तिथं केस पांगळी झाली. धिंड काढली की हेच, अख्ख्या गावानं तोंड बघितलेलं असतं. मी हे प्रश्न-उत्तर माझ्या हातानं टाइप केलंय, एकदा नाही, कितीतरी वेळा.

आणि पोरगं अठराच्या आतलं निघालं तर त्याची ओळख जाहीर करणं हाच गुन्हा आहे, २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७४. ग्रुपवर फोटो टाकणारा आणि फॉरवर्ड करणारा दोघंही अडकतात.

"दिसला तर सोडू नका" या चार शब्दांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजारात पाच जणांना जमावानं ठेचून मारलं, मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज मोबाईलवर फिरत होते म्हणून. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे. मारणाऱ्यांना त्या क्षणी आपण गाव वाचवतोय असंच वाटत असणार. डोळ्यासमोर गंभीर गुन्हा करणाऱ्याला आपण नागरिक धरू शकतो, कायदा तेवढी मुभा देतो, पण धरलं की विनाकारण वेळ न घालवता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. धरणं एवढंच. मारणं त्यात नाही.

आता आबांचे दोन रट्टे. आबा जुने पैलवान, मी त्यांना विचारलं, "आबा, खासबागेत डोळ्यात बोट घालून पाडलं तर कुस्ती निकाली धरतात का?" म्हणाले, "न्हाई, फाऊल. कुस्ती सोडवत्यात." कोर्टात हेच होतं. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, आजचा नियम नव्हे, इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातही होता आणि नव्या साक्ष अधिनियमातही तसाच ठेवलाय. का, तर मार खाल्लेला माणूस मार थांबावा म्हणून काहीही कबूल करतो, न केलेली चोरी सुद्धा. चालतं काय, तर त्यानं दाखवलेल्या जागेवरनं पंचांसमोर, म्हणजे पोलिसांनी साक्षीला बोलवलेल्या लोकांसमोर, चेन निघाली तर तेवढा भाग चालतो. म्हणून पंच म्हणून बोलवलं की लोक पळतात ना, ते पळू नका, खरा पुरावा तिथं तयार होतो. मार देऊन काढलेल्या कबुलीवर सगळे खूश होतात, तपास तिथंच थांबतो, आणि दोन वर्षांनी सुटका झाली की आपणच म्हणतो कोर्टं झोपलीत.

तसंच जामिनाचं. "पकडला आणि आठ दिवसांत बाहेर!" असं म्हणताना जामीन म्हणजे सुटका नव्हे हे विसरतो. जामीन म्हणजे निकाल लागेपर्यंत बाहेर राहा, तारखेला ये, साक्षीदारांना हात लावू नको. यातलं काही मोडलं तर जामीन रद्द होऊ शकतो, पण त्यासाठी मावशींनी किंवा मुलानं जाऊन सांगायला पाहिजे. आणि पोलिसांनी वेळेत चार्जशीट दिली नाही, गुन्ह्याप्रमाणं ६० किंवा ९० दिवसांत, तर आरोपीला जामीन मागायचा हक्कच तयार होतो. त्यामुळं गल्लीनं विचारायचं असेल तर "सोडला का" यापेक्षा "चार्जशीट कधी जाणार" हे विचारा, यानं खरंच फरक पडतो.

तडीपारीवर बैठकीत सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. तडीपार म्हणजे हद्दपार, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ ची कलमं ५५, ५६, ५७. टोळी असेल तर ५५, एकट्या माणसाला ५६, आधी शिक्षा झालेल्याला ५७. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं ५५ चा आदेश पोलीस अधीक्षक काढतात आणि ५६ चा प्रस्ताव पोलिसांकडनं प्रांताधिकाऱ्यांकडं जातो. जास्तीत जास्त दोन वर्षं. त्याआधी नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, आदेशाविरुद्ध ३० दिवसांत सरकारकडं अपील करता येतं.

हे समजून घ्या की तडीपारी ही शिक्षा नव्हे. गुन्हा सिद्ध झालेला नसतो. लोक भीतीनं साक्ष द्यायला पुढं येत नाहीत, म्हणून साक्षीदारांची नावं झाकून त्यांचे जबाब घेतात आणि त्यावर माणसाला त्याच्या घरातनं उठवतात. खऱ्या दादागिरीवर याचा उपयोग होतो, मी नाही म्हणत नाही, जिथं हप्त्याच्या भीतीनं दुकानं बंद पडतात तिथं हा उपाय पाहिजेच. पण २०२२ साली जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हद्दपारीचा आदेश रद्द करताना सांगितलंय की हा असाधारण उपाय आहे, माणसाच्या देशभर फिरायच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, तो क्वचितच वापरायचा, आणि पूर्ण दोन वर्षांचा काढायचा तर तेवढा का याची कारणं दिसली पाहिजेत. चेन ओढणारे दोघं कोण हेच माहीत नसताना तडीपार कुणाला करणार होतो आपण? बैठकीत दोन नावं निघाली होती, दोन्ही पोरं दारू पिऊन कट्ट्यावर बसतात म्हणून. एवढंच कारण.

आणि ती पालं. यावर मला त्या रात्री बोलता आलं नाही, घसा दाटला, म्हणून इथं बोलते. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा केला. म्हणजे माणूस काय करतो ते बघायचंच नाही, कुठल्या जातीत जन्मला त्यावरनं तो गुन्हेगार. त्यांनी रोज हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. आमच्या करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरी होती. दिवसभर कष्ट करून आलेला माणूस पाटलासमोर उभा राहून "मी हाय" म्हणणार, का, तर रात्री कुठं चोरी झाली तर हा संशयित. ही हजेरी शाहू महाराजांनी १९१८ ला बंद केली. फासेपारध्यांना, ज्यांना सगळे चोर म्हणायचे, त्यांना महाराजांनी राखणदारीचं काम दिलं, राहायला जागा दिली. ब्रिटिश मुलखातला तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं, तेव्हा त्या लोकांना विमुक्त म्हणायला लागले. ज्या गावानं हे देशाच्या चौतीस वर्षं आधी केलं, ज्या गावात दसरा चौकातनं जाताना महाराजांच्या पुतळ्याला आपला हात आपोआप जोडला जातो, त्याच गावातल्या तालमीत बसून आपण म्हणायचं की पालातल्या लोकांना आधी उठवा? त्यातली एक बाई आमच्या गल्लीत सुया-बिब्बे विकायला येते, मावशी पडल्या त्या दिवशी तिनंच त्यांना हात देऊन उठवलं होतं. हे मावशींनी मला नंतर सांगितलं. बैठकीत कुणी मावशींना विचारलंच नव्हतं.

आता सरकारचं. आपण सरकार म्हणतो तेव्हा ते एकच कुणीतरी आहे असं धरून ओरडतो. पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था हा राज्याचा विषय, मुंबईत गृहखातं, इथं पोलीस अधीक्षक. महापालिकेच्या हातात पोलीस नाहीत. पण दिवा महापालिकेचा. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली आणि त्यानंतर काही वर्षं प्रशासकच कारभार बघत होते, त्या काळात दिवा बंद आहे हे सांगायला हक्काचा नगरसेवक नाही अशी सवयच लागून गेली आणि लोकांनी सांगणंच सोडलं. मी बैठकीत विचारलं, हा दिवा बंद आहे म्हणून लेखी तक्रार कुणी दिलीय? एकानंही नाही. तोंडी सगळ्यांनी सांगितलेलं, वायरमन दिसला की. पोलिसांना किती गस्त घालता म्हणून विचारणं, दिव्यासाठी महापालिकेला लेखी अर्ज देणं, दोन्हीला उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारणं, हे सगळं आपल्याला करता येतं आणि याला दहा रुपयांचा स्टॅम्प आणि एक सही लागते.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण कॅमेरा कुणाच्या खिडकीकडं, कुणाच्या न्हाणीघराच्या दाराकडं वळलाय हे बघा. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलंय. गल्लीत कोण पोरगी कधी आली, कुणाबरोबर आली, हे तालमीत बसून बघायला वर्गणी द्यायची नाही. फुटेज कुणाकडं राहणार, किती दिवस, कुणी मागितलं तर कसं द्यायचं, हे आधी ठरवा. स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर नाही, मूळ रेकॉर्डिंग प्रमाणपत्रासकट पोलिसांना, तरच ते पुरावा म्हणून टिकतं. आणि कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर, २०२० च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितलेत, लॉकअप, आत यायचा रस्ता, व्हरांडा सगळीकडं, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष ठेवायचं. भाचा ज्या बाकड्यावर नऊ तास बसला तेही कॅमेऱ्यात आलं पाहिजे.

जमावबंदीबद्दलही पोरांनी विचारलं, कारण ७ जून २०२३ सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या वेळी कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरनं वाद झाला, बंद पुकारला, दगडफेक, लाठीमार, आणि इंटरनेट बंद. असे आदेश निघू शकतात, जिल्हाधिकारी पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली काढतात ते जमावबंदीचे आदेश सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांच्या वर चालत नाहीत, म्हणून पेपरात दर पंधरवड्याला नवा आदेश दिसतो. इंटरनेट बंद करायचा आदेश जाहीर करावा लागतो, लपवता येत नाही, म्हणजे त्याला कोर्टात आव्हान देता येतं, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० ला काश्मीरच्या प्रकरणात ठरवलं. पूर्वी असल्या कशालाही आव्हान द्यायचं तर मुंबई गाठायला लागायची, रात्रीची गाडी, राहायचा खर्च, गरीब माणूस तिथंच गार व्हायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या जागेत सुरू झालंय, सहा जिल्ह्यांसाठी. आणि वकिलाला पैसे नसले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००, बायकांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मावशींनाही मिळतो आणि माझ्या भाच्यालाही.

बैठकीनंतर मंगळवारी मी, मावशी आणि त्या प्रश्न विचारणाऱ्या वहिनी, तिघी परत ठाण्यात गेलो. कोपराचं सांगितलं, खपली दाखवली, मानेचा वळ मुलानं त्या दिवशी फोटो काढून ठेवला होता तो दाखवला. दोन तास लागले. लिहून झाल्यावर वहिनींनी मोठ्यानं वाचून काढलं, एके ठिकाणी "मोटरसायकलवरील एक इसम" असं आलतं, मावशी म्हणाल्या, "एक न्हवं, दोघं होते." ते दुरुस्त करून घेतलं आणि मग मावशींनी सही केली. प्रत आता त्यांच्या देवघराच्या खणात पावतीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत आहे. दिव्याचा अर्ज तालमीच्या पोरांनी दिला, आवक नंबर घेतला, परवा शिडी घेऊन माणूस येऊन बघून गेला, अजून लागला नाही. पालातल्या कुणाला उठवायचं नाही हे आबांनीच पुढच्या बैठकीत सांगितलं.

फोटो ग्रुपवरनं काढला. पण तो किती मोबाईलमधे उरलाय कुणास ठाऊक. भाचा हल्ली पाळी सुटली की पापाची तिकटीकडनं येत नाही, लांबनं फिरून येतो, आणि ती काळी हुडी बहिणीनं धुऊन कपाटात ठेवलीय.